हलकी प्रणाली आणि रोजनिशी

लिनक्सच्या परिभाषेत 'जर्नल' हा शब्द किमान तीन अर्थांनी वावरतो. २००१ साली मुख्य गाभ्यात समाविष्ट झालेल्या एक्स्ट-३ या संचिका-व्यवस्थेत जर्नल म्हणजे तबकडीवर करावयाच्या बदलांची आगाऊ नोंद. सिस्टमडीच्या जर्नलात यंत्रातील घडामोडींची हकीकत असते. माणसाने स्वतःविषयी लिहिलेली दैनंदिनी हा तिसरा अर्थ. मराठीला हा प्रकार नवा नाही. गणेश चिमणाजी वाड यांनी वेचे निवडलेली पेशव्यांची रोजनिशी ही दप्तराची आहे. तीत हुकूम व हिशेब आहेत, पेशव्यांचे अंतरंग नाही. येथे विचार करावयाचा आहे तो तिसऱ्या अर्थाचा. जुन्या, अल्पस्मृतीच्या संगणकावर हलकी लिनक्स प्रणाली चालवून तीवर मराठीत रोजनिशी लिहू पाहणाऱ्यास कोणते साधन कितपत उपयोगी पडते, हा प्रश्न आहे. उदाहरणादाखल पपी लिनक्स ही प्रणाली, आणि रेडनोटबुक व जर्नल (रोमन लिपीत स्वर गाळून लिहिलेले 'जे-आर-एन-एल') हे दोन कार्यक्रम घेतले आहेत.

ऑस्ट्रेलियातील बॅरी कॉलर यांनी २००३ साली सुरू केलेली पपी लिनक्स शक्यतो संपूर्णपणे स्मृतीत चढून चालते. यूएसबीवरून ती थेट चालविली असता पहिल्यांदा बंद करतेवेळी प्रणाली विचारते, की झालेले काम जतन करावयाचे काय. होकार दिल्यावरच जतन-संचिका निर्माण होते. इतर प्रणालींत जे गृहीत असते ते येथे निवडीचा विषय बनते, आणि रोजनिशीच्या लेखकाने याच निवडीकडे प्रथम लक्ष द्यावयास हवे. कार्यक्रम बसविला, पहिली नोंद लिहिली, आणि प्रश्नाला घाईने नकार दिला, तर कार्यक्रम व नोंद दोन्ही गेली. शिवाय पपीमध्ये वापरणारा सामान्यतः 'रूट' म्हणजे सर्वाधिकारी म्हणूनच वावरतो. घरातील दुसऱ्या कोणी तोच संगणक उघडला तर खाजगी असे काही उरत नाही.

रेडनोटबुक हा कार्यक्रम दिसावयास देखणा आहे. एका बाजूस पंचांगासारखे महिन्याचे कोष्टक, मध्ये लेखनाची जागा. नोंदी महिनावार साध्या मजकूर-संचिकांत साठविल्या जातात, त्या कोणत्याही संपादकात उघडून वाचता येतात, आणि देवनागरी अक्षरे त्यांत जशीच्या तशी राहतात. हा गुण मोठा आहे. परंतु लिहिलेल्या मजकुराचे सजविलेले रूप दाखविण्यासाठी तो वेबकिटचा, म्हणजे न्याहाळकाला चालविणाऱ्या यंत्रणेचाच, आधार घेतो. पॅकेज मॅनेजरमधून तो बसवू गेल्यास पायथन, जीटीके व वेबकिट असा लवाजमा मागोमाग येतो. हलक्या प्रणालीच्या दारात ही वरात उभी राहिली, म्हणजे हलकेपणाचे प्रयोजन काय राहिले?

जर्नल या दुसऱ्या कार्यक्रमास पायथन लागते, चित्रमय पडदा लागत नाही. टर्मिनलमध्ये आज्ञा लिहावी, नोंद एका मजकूर-संचिकेत जाऊन बसते. अडचण अशी, की बहुतेक हलकी टर्मिनले देवनागरीची जोडणी करीत नाहीत. प्रत्येक चौकटीत एक वर्ण ही तेथील पद्धत. वेलांटी भलतीकडे जाते, जोडाक्षर फुटते, आणि 'वऱ्हाड' किंवा 'दऱ्या' यांतील, मराठीचा विशेष असलेला, अर्धा र ओळखू येईनासा होतो. यावर उपाय आहे. कार्यक्रमाच्या मांडणी-संचिकेत जीनीसारखा जीटीकेवर आधारलेला संपादक नेमून द्यावा आणि लोहित देवनागरी हा टंक बसवावा. मग अक्षरे सुघटित दिसतात. टंकलेखनासाठी निराळी यंत्रणा लागत नाही. सेटएक्सकेबीमॅप या आज्ञेने भारतीय मांडणी निवडली की इनस्क्रिप्ट कळफलक मिळतो, व त्यात ऱ ची कळही आहे.

खरा दोष याहून खोल आहे. नोंदींना विषयवार खुणा लावण्यासाठी हा कार्यक्रम 'अॅट' चिन्हाने सुरू होणारा शब्द उचलतो. शब्द कोठे संपला हे तो पायथनच्या नमुनाशोधावरून ठरवितो. त्या नमुन्याच्या लेखी अक्षरे व अंक हीच शब्दघटक. काना, मात्रा, वेलांटी, उकार व हलन्त ही चिन्हे त्यांत मोडत नाहीत. परिणामी @पुस्तक, @प्रवास, @पाऊस या तिन्ही खुणा कार्यक्रमाला केवळ @प अशा दिसतात. वर्षभर निष्ठेने खुणा लावणाऱ्यास शेवटी पुस्तके, प्रवास व पाऊस एकाच गाठोड्यात बांधलेले सापडतील. स्वरचिन्ह हे अक्षराचा अवयव आहे, त्याला चिकटलेला अलंकार नव्हे, ही गोष्ट लिपीशास्त्राच्या पहिल्या धड्यातली. पण नमुना रचणाऱ्यापुढे रोमन वर्णमाला होती. त्याचीच आणखी एक छटा अशी, की 'यस्टरडे' लिहिल्यास कार्यक्रम आदल्या दिवसाची तारीख घालतो, 'काल' लिहिल्यास तो शब्द नोंदीचाच भाग मानतो. ही उणीव मात्र क्षम्य आहे. तारीख आकड्यांत लिहिता येते. खुणांचे तसे नाही, कारण तेथे चूक झाल्याचे कळतच नाही.

दोहोंत निवड करावयाची झाल्यास पपीसारख्या प्रणालीवर जर्नल व जीनी यांची जोडी अधिक युक्त ठरते. वेबकिटचा भार सोसण्याइतकी स्मृती असेल तरच रेडनोटबुक. खुणा तूर्त रोमन लिपीत लावाव्यात. रोजनिशीची संचिका जतन-संचिकेच्या पोटात न ठेवता तबकडीच्या स्वतंत्र विभागावर ठेवावी व तिचा मार्ग मांडणी-संचिकेत नोंदवावा. म्हणजे बंद करतेवेळचा तो प्रश्न चुकला तरी लेखन राहील. खुणा ओळखणाऱ्या नमुन्यात देवनागरीच्या स्वरचिन्हांची व हलन्ताची भर घालणे हे एका ओळीचे काम आहे. कार्यक्रमाची संहिता सर्वांस खुली असल्याने ती दुरुस्ती मूळ कर्त्यांकडे पाठविण्यास भाषाविज्ञानाच्या एखाद्या विद्यार्थ्याला कोणाच्या परवानगीची गरज नाही.