चुलीपाशीं बसविलेली आई

कोरियाच्या जेजू बेटावर ‘सिम्बांग’ नामक देवऋषी ‘मुन्जॉन बोन्पुरी’ गातात. ‘बोन्पुरी’ म्हणजे मुळाची उकल. हींत गृहदेवतांची उत्पत्ति आहे. सवत आईला पाण्यांत बुडवून मारते व तिचें सोंग घेऊन घरांत शिरते. आजाराचें ढोंग करून ती सातही मुलांचीं काळजें औषधार्थ मागते. धाकटा रानडुकरांचीं काळजें आणून कपट उघडें करतो. शेवटीं तो द्वारदेव होतो, सवत शौचकूपाची देवता. म्हणून तिकडील वस्तु चुलीपाशीं नेऊं नये, असा आचार.

केवळ ह्या आचारासाठीं कथा रचिली, हें मत आम्हांस मान्य नाहीं. दिव्य फुलांनीं जिवंत केलेली आई पाण्यांत गारठली असेल, म्हणून मुलगे तिला चुलीची देवता करितात. दिवसांतून तीन वेळां ऊब तरी मिळेल! विटाळाच्या नियमास ह्या मायेचें प्रयोजन काय? ऋग्वेदांतील वास्तोष्पतीच्या सूक्तांत (७.५४) केवळ मागणें आहे.

पोथीवांचून प्रमाण नाहीं, असें आपण संग्राहक म्हणतों. मीही म्हणत आलों. परंतु येथें गायकागणिक पाठ बदलतो, व त्यास लेखकप्रमाद म्हणतां येत नाहीं. मूळ संहिता ठरविण्याच्या भरीस न पडतां प्रत्येक पाठ गायकाच्या नांवासह व सालासह स्वतंत्र छापणें हेंच युक्त.