महाराणीचा रकाना

'शोले'ला फिल्मफेअरची बक्षिसं किती? एक. तेही संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. अमजद खानला सहाय्यक अभिनेत्याचं नामांकन होतं, पण बक्षीस 'दीवार'साठी शशी कपूरला गेलं. ही माहिती तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिलीच असेल आणि तिच्याखाली ठरलेलं वाक्यही वाचलं असेल : गल्ला भरणाऱ्या पिक्चरमधल्या अभिनयाला पुरस्कारवाले विचारत नाहीत.

मला हे पटत नाही. 'क्रांतिवीर' धो धो चालला आणि नाना पाटेकरांना त्याच पिक्चरसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. 'तान्हाजी'साठी अजय देवगणला मिळाला (सूर्यासोबत विभागून), 'पुष्पा'साठी अल्लू अर्जुनला, आणि २०२५ साली जाहीर झालेल्या पुरस्कारांत 'जवान'साठी शाहरुख खानला, विक्रांत मॅसीसोबत. तेव्हा गर्दीच्या पिक्चरला दार बंद आहे, हे रडगाणं आता बास. माझा प्रश्न वेगळा आहे. आत घेतात, पण बसवतात कुठे? पुरस्कारावर जे नाव छापलेलं असतं, 'सर्वोत्कृष्ट अमुक', त्यातला 'अमुक' कोण ठरवतं आणि त्या शब्दाने अभिनयाचं काय होतं?

मी कोल्हारचा. प्रवरेकाठचं भगवतीपूर-कोल्हार, नगर-मनमाड रस्त्यावरचं. या प्रश्नासाठी मला मुंबईला जायची गरज नाही, कारण त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आमच्याच जिल्ह्याचं आहे : सदाशिव अमरापूरकर. जन्म १९५०, अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. नाटकातून आलेला माणूस. '२२ जून १८९७' या मराठी चित्रपटात त्यांनी टिळक केले, श्याम बेनेगलांच्या 'भारत एक खोज'मध्ये महात्मा फुले केले. टिळक आणि फुले दोन्ही एकाच नटाकडून, हा योग मला अजूनही गंमतीचा वाटतो. पण देशाने त्यांना ओळखलं ते दोन दुष्ट माणसांमुळे.

पहिला रामा शेट्टी. गोविंद निहलानींचा 'अर्धसत्य', १९८३. पटकथा विजय तेंडुलकरांची. ओम पुरींचा वेलणकर त्या सिनेमाभर आतून उकळत असतो आणि समोर हा रामा शेट्टी, ज्याला कसलीच घाई नाही. मोजके प्रसंग. आवाज चढत नाही, डोळे मोठे होत नाहीत, हातवारे नाहीत. घरात बसलेला एखादा मालदार मामा भाच्याशी बोलावा तसा तो इन्स्पेक्टरशी बोलतो. ज्याच्याकडे खरी सत्ता असते त्याला ओरडावं लागत नाही, हे आमच्याकडच्या कुणालाही वेगळं शिकवायला नको. कारखान्याची किंवा सोसायटीची एखादी निवडणूक जवळून पाहिली की पुरे. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअरचं सहाय्यक अभिनेत्याचं बक्षीस मिळालं.

दुसरी महाराणी. महेश भट्ट यांचा 'सडक', २० डिसेंबर १९९१ला लागलेला, त्या वर्षातला मोठा हिट. संजय दत्त, पूजा भट्ट, गाणी घराघरांत. आणि कोठा चालवणारी तृतीयपंथी महाराणी, म्हणजे साडी नेसलेले अमरापूरकर. इथे त्यांनी रामा शेट्टीचं सगळं उलटं केलं. तिथे झाकून ठेवलं होतं, इथे उघडं टाकलं. पण नीट बघा, हे नुसतं भडक काम नाही. बारीक बायकी आवाज काढणं हा सोपा रस्ता होता, नकला करणारा कुणीही तोच घेतो. अमरापूरकर आपला भरदार आवाज सोडत नाहीत, त्याला फक्त हेल देतात. लाडात बोलता बोलता तो आवाज कधी गार पडतो ते कळत नाही. माणूस हसतोय, पण ते हसू कुणासाठी नाही, हे पाहताना पोटात गोळा येतो. नायक-नायिकेची प्रेमकथा त्या काळच्या आणखी पन्नास पिक्चरांसारखीच आहे. 'सडक' लक्षात राहिला तो या बाईमुळे.

आणि या कामासाठी फिल्मफेअरने एक नवीन रकाना उघडला, सर्वोत्कृष्ट खलनायक. त्याचे पहिले मानकरी अमरापूरकर. त्याच वर्षी सहाय्यक अभिनेत्याचं बक्षीस 'सनम बेवफा'साठी डॅनी डेंग्झोंग्पांना मिळालं.

आता हे दोन पुरस्कार शेजारी ठेवा. रामा शेट्टीही खलनायकच होता, पण १९८४ साली त्या नटाला अभिनेत्यांच्या पंगतीत पान वाढलं गेलं. आठ वर्षांनी त्याच नटासाठी वेगळी पंगत मांडली गेली. पहिला पुरस्कार कामाला होता. दुसऱ्याच्या नावातच पात्राचं चारित्र्य आलं. पात्र वाईट आहे म्हणून नटाचा रकाना वेगळा, ही जगावेगळी मोजणी आहे. मग 'सर्वोत्कृष्ट सज्जन' का नाही? हा रकाना पंधरा-सोळा वर्षं चालला. २००७ साली 'ओंकारा'च्या लंगडा त्यागीसाठी सैफ अली खानला मिळाला तो शेवटचा.

दुसरी बाजूही खरी आहे. हा रकाना नसता तर महाराणीला काही मिळालं असतं का? अमजदला नव्हतं मिळालं. १९८७च्या 'मिस्टर इंडिया'तल्या मोगॅम्बोच्या वेळी हा रकानाच नव्हता. मागच्या दाराने का होईना, आत घेतलं गेलं. तो रकाना बंद झाला म्हणून मला आनंद झाला आणि तो उघडला होता म्हणूनही झाला. यात विसंगती असेल तर असो.

महाराणीबद्दल मात्र आणखी बोलायला हवं, आणि ते बोलणं मला जड जातं. 'सडक' आला तेव्हा माझे मामा कॉलेजात होते. व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर तीन-तीन पिक्चर बघायचा तो काळ. मामा आजही अभिमानाने सांगतात, 'आपल्या नगरचा माणूस, काय काम केलंय!' आणि त्याच दमात हसत सांगतात की पुढची कित्येक वर्षं बाजारात टाळी वाजवत येणाऱ्या कुणालाही पोरं 'महाराणी' म्हणून हाक मारायची. ती हाक मीही ऐकली आहे, पुलाजवळच्या टपरीवर, माझ्या वयाच्या पोरांकडून, ज्यांनी तो पिक्चर कधी पाहिलेलाच नाही. पात्राचं नाव पिक्चरपेक्षा जास्त टिकलं आणि ज्यांचा त्याच्याशी काही संबंध नाही अशा माणसांना जाऊन चिकटलं.

तेव्हा विचारावंच लागतं की त्या बक्षिसातला किती वाटा अभिनयाचा होता आणि किती आपल्या मनात आधीपासून बसलेल्या भीतीचा. २०००च्या सोहळ्यात हाच खलनायकाचा पुरस्कार 'संघर्ष'साठी आशुतोष राणांना मिळाला. त्याही भूमिकेचं सगळ्यांच्या लक्षात राहिलेलं रूप साडीतलंच आहे आणि त्याही कथेमागे महेश भट्टच आहेत. राणांचं काम जबरदस्त आहे, वाद नाही. पण भीती निर्माण करायला पुरुषाला साडी नेसवणं पुरेसं आहे, असं त्या काळच्या हिंदी सिनेमाने धरून ठेवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली ती एप्रिल २०१४मध्ये. अमरापूरकर त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये गेले. आज 'सडक' बघताना मी नटाला दाद देतो आणि लेखकाला देत नाही. नेहमी हे दोघं वेगळे काढता येतात असं मात्र नाही.

आता आमच्या जिल्ह्याची हद्द ओलांडून शेजारच्या करमाळ्यात जाऊ, कारण रकान्यांची ही गोष्ट खलनायकांपुरती नाही. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ला लागला आणि शंभर कोटींच्या वर कमाई करणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. रिंकू राजगुरूला राष्ट्रीय पुरस्कार त्याच्या महिनाभर आधीच जाहीर झाला होता, म्हणजे परीक्षकांनी गर्दी बघून काही ठरवलेलं नाही. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरली कंगना रणौत, 'तनू वेड्स मनू रिटर्न्स'साठी, आणि तो पिक्चरही तुफान चाललेला. रिंकूला मिळाला 'विशेष उल्लेख'.

चौदा वर्षांची मुलगी पावणेतीन-तीन तासांचा पिक्चर खांद्यावर घेते आणि तिचा 'उल्लेख' होतो! तिच्याबद्दल तेव्हा सगळीकडे एकच शब्द चालला : नैसर्गिक. कौतुकाचा शब्द, पण पोटात सुरी असलेला. ती तशीच असेल, कॅमेऱ्यासमोर उभी केली आणि झालं, असा त्याचा अर्थ निघतो. शहरातल्या नटीने बोली शिकली की ती मेहनत. अकलूजच्या मुलीने बोलली की तो निसर्ग.

बुलेट आणि ट्रॅक्टरवरची आर्ची सगळ्यांनी स्टेटसला ठेवली. मला हैदराबादची आर्ची बघा म्हणायचं आहे. झोपडपट्टीतल्या खोलीत वास सहन न होणारी, स्वयंपाक न येणारी, पाटलाची पोर. तिथे तिची बोली बदलत नाही, पण तिचा आवाज उतरतो. चाल बदलते. आधी ती चालली की समोरचा बाजूला व्हायचा, आता तीच अंग चोरून चालते. पुढे बाटल्यांच्या कारखान्यात काम लागतं, थोडी तेलुगू येते, आणि तोरा परत येतो, पण जुना नाही. स्वतः कमावलेला, जरा थकलेला. आईला फोन करते तेव्हा दोन्ही आर्ची एकाच आवाजात ऐकू येतात. हा चढ-उतार आपोआप येत नाही. दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचं श्रेय त्यात आहेच, पण मग हा न्याय कंगनालाही लावा.

मंजुळेंच्याच 'फँड्री'साठी सोमनाथ अवघडेला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, विभागून. तो रकाना निदान वयाचा होता, त्यात काही लपलेलं नव्हतं. रिंकू बाल ठरली नाही आणि अभिनेत्रीही ठरली नाही.

'धग'साठी उषा जाधव सर्वोत्कृष्ट अभिनेत्री ठरल्या होत्या, त्यामुळे मराठी गावातल्या बाईच्या भूमिकेला मुख्य रकाना मिळतच नाही, असंही नाही. पण 'धग' किती जणांनी पाहिला आणि 'सैराट' किती जणांनी, हे तुम्हीच आपल्या ग्रुपवर विचारून बघा.

अमरापूरकरांचं एक शेवटच्या काळातलं काम मी अलीकडे मोबाइलवर पाहिलं, २०१३च्या 'बॉम्बे टॉकीज'मधली दिबाकर बॅनर्जींची 'स्टार' ही गोष्ट. मूळ कथा सत्यजित राय यांची. नवाजुद्दीन सिद्दीकीला शूटिंगमध्ये एका क्षणाचं काम मिळतं आणि ते नीट कसं करायचं हे त्याला कळत नाही. तेव्हा त्याचा मेलेला गुरू येऊन त्याला झापतो. तो गुरू अमरापूरकर. साडी नाही, टाळी नाही, रामा शेट्टीची गार नजरही नाही. एक वैतागलेला म्हातारा नट, ज्याला समोरच्याने आळस केलेला खपत नाही. हे काम कोणत्या रकान्यात बसवायचं ते मला सांगता येणार नाही. नवाजुद्दीन शॉट देतो आणि पैसे घ्यायला न थांबता घरी निघून जातो.