नायक गेला, विमान राहिलं

‘एक्झिक्युटिव्ह डिसिजन’ सुरू होऊन जेमतेम पाऊण तास झालेला असतो आणि स्टीव्हन सीगल मरतो. मार्च १९९६ मध्ये हा चित्रपट आला, तेव्हा या प्रसंगाला काय वजन होतं ते आज सांगावं लागतं. ‘अंडर सीज’मध्ये (१९९२) सीगलनं एकट्याच्या बळावर युद्धनौका सोडवली होती. त्याच्या दुसऱ्या भागात (१९९५) रेल्वेगाडी सोडवली होती. आता विमानाची पाळी, असा हिशेब तिकीट काढणाऱ्यानं केला तर त्याची चूक नव्हती. पोस्टरवरही कर्ट रसेलच्या जोडीला सीगल होताच. आणि हा बाबा विमानात पाऊलही टाकत नाही!

प्रसंग असा आहे. अथेन्सहून वॉशिंग्टनला निघालेलं बोइंग ७४७ अतिरेक्यांनी ताब्यात घेतलंय. त्यात अमेरिकेची अर्धी किनारपट्टी मारू शकेल इतका विषारी वायू आहे. एक काळं, रडारला न दिसणारं छोटं विमान खालून येऊन ७४७ च्या पोटाला चिकटतं आणि मधल्या नळीतून कमांडो वर चढू लागतात. कल्पना तद्दन अशक्य आहे. पण दिग्दर्शक स्टुअर्ट बेअर्ड ती एखादं अवघड बांधकाम दाखवावं तशी टप्प्याटप्प्यानं दाखवतो: आधी जुळणी, मग दाबाची अडचण, मग हादरे, मग नळीला ताण. नळी फाटणार हे नक्की होतं तेव्हा लेफ्टनंट कर्नल ट्रॅव्हिस, म्हणजे सीगल, खालीच अडकलेला असतो. वरचं झाकण लागलं नाही तर विमान जाणार. तो ते स्वतःच बंद करतो आणि तीस हजार फुटांवरच्या हवेत नाहीसा होतो.

यात धक्का आहेच, पण मला त्याहून मोठं वाटतं ते या मृत्यूमुळे मागे राहिलेलं माणूसबळ. डेव्हिड ग्रँट (रसेल) हा गुप्तवार्ता विभागातला विश्लेषक. त्याला मेजवानीतून उचलून आणलेलं असल्यामुळे सगळा चित्रपट तो काळ्या टक्सिडोत वावरतो. केहिल (ऑलिव्हर प्लॅट) हा त्या छोट्या विमानाचा इंजिनिअर. तो वर यायचाच नव्हता, गोंधळात आला. बॉम्ब निकामी करणारा कॅपी (जो मॉर्टन) चढतानाच जायबंदी झालाय आणि त्याला हातपाय हलवता येत नाहीत. तीन-चार धडधाकट सैनिक आहेत, पण पुढारी नाही. शिवाय खाली पेंटागॉनला पत्ताच नाही की यांतलं कुणी वर पोचलं की सगळेच मेले. थोडक्यात, नायक गेला आणि कचेरीतली माणसं उरली.

इथून पुढचा तासभर मी कितीही वेळा पाहायला तयार आहे. ७४७ हे विमान या प्रकारच्या चित्रपटासाठी जणू घडवलेलंच होतं. एखाद्या जुन्या वाड्यासारखे त्याला मजले आहेत, जिना आहे, माळा आहे, तळघर आहे. अतिरेकी आणि प्रवासी दिवाणखान्यात, आपली माणसं तळघरात आणि माळ्यावर. मधल्या पातळ पत्र्याला बारीक भोकं पाडून ते कॅमेऱ्याच्या तारा आत सरकवतात आणि कोण कुठे उभं आहे ते मोजत बसतात. जवळपास सगळा थरार कुजबुजत्या आवाजात घडतो. ड्रिलचा आवाज वर ऐकू जाईल का? पावलांचा? अॅक्शनपटात गोळी सुटण्यापेक्षा ती सुटेल ही भीती जास्त कामाची, हे बेअर्डला कळलेलं दिसतं. हा त्याचा दिग्दर्शक म्हणून पहिला चित्रपट होता, पण आयुष्य संकलनाच्या टेबलावर गेलेलं. ‘द ओमेन’, ‘सुपरमॅन’, ‘लीथल वेपन’, ‘डाय हार्ड २’ हे त्याच्या कात्रीखालून गेलेले चित्रपट. म्हणूनच तळघर, केबिन, पेंटागॉन आणि शेजारून उडणारी लढाऊ विमानं अशा चार ठिकाणांमध्ये तो फिरत राहतो, तरी कोण कुणाच्या वर आहे आणि कुणाला काय माहीत नाही याबद्दल आपला गोंधळ होत नाही. जेरी गोल्डस्मिथचं संगीतही इथे ढोल वाजवत नाही, खालच्या सुरात दबा धरून राहतं.

सगळ्यात सुंदर जोडी कॅपी आणि केहिलची. ज्याला बॉम्ब कळतो त्याचे हात निकामी, आणि ज्याचे हात चालतात त्याला बॉम्ब कळत नाही. कॅपी पडल्या पडल्या विचारतो, केहिल दिसेल ते सांगतो, कॅपी पुढची पायरी सांगतो. प्लॅटनं या घामाघूम इंजिनिअरला विदूषक केलेलं नाही. त्याची भीती खरी आहे आणि तिच्याखाली दडलेलं कुतूहलही खरं आहे. यंत्र समोर आलं की तो क्षणभर मरणही विसरतो. लाल तार की निळी तार या झिजलेल्या प्रसंगाला इतका जीव आणणारे चित्रपट फार नाहीत.

आता दोष. ते लहान नाहीत. नागी हसन या म्होरक्याच्या भूमिकेत डेव्हिड सूशे आहे, म्हणजे टीव्हीवरचा एर्क्यूल प्वारो. नट पहिल्या प्रतीचा, पण लेखकांनी त्याच्या हातात धर्मवेडाखेरीज काही ठेवलेलं नाही. ज्या नेत्याच्या सुटकेसाठी अपहरण केलं, तो सुटल्यावरही हसन थांबत नाही आणि त्याच्या साथीदारांनाही हे नवं असतं. इथे खरं नाट्य होतं. एकाच टोळीत ज्याला सौदा हवा तो आणि ज्याला संहार हवा तो, यांच्यातली फट. चित्रपट ती दाखवतो आणि लगेच बुजवून टाकतो. श्रद्धा आणि हिंसा यांची इतक्या आळसानं घातलेली सांगड तेव्हाही अनेकांना खटकली होती आणि आज ती जास्तच टोचते. पेंटागॉनमधल्या बैठकाही लांबतात. आणि सुरुवातीला छोट्या विमानावर उड्डाणाचे धडे घेणाऱ्या ग्रँटला शेवटी ७४७ उतरवावं लागतं. वैमानिक मेलेले, शेजारी माहितीपुस्तिका उलगडणारी हवाईसुंदरी जीन (हॅली बेरी), खाली चिमुकली धावपट्टी. तासभर ज्यांनी कुणाला नायक होऊ दिलं नव्हतं त्यांनीच शेवटच्या पंधरा मिनिटांत एकाच्या डोक्यावर मुकुट ठेवला. मला हा शेवट मजेदार वाटतो, पण तो दुसऱ्याच चित्रपटाचा आहे.

तो दुसरा चित्रपट पुढच्याच वर्षी आला: ‘एअर फोर्स वन’ (१९९७). इथे नायक म्हणजे खुद्द अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. दिग्दर्शक वोल्फगांग पीटरसन, ज्यानं १९८१ साली ‘दास बोट’मध्ये पाणबुडीच्या अरुंद बोळांतून कॅमेरा पळवला होता. ती सवय इथे उपयोगी पडते. बोळ, दरवाजे, जिने यांवर त्याची पकड आहे. पण या चित्रपटातला माझा आवडता प्रसंग मारामारीचा नाही. सामानाच्या कप्प्यात लपलेला हॅरिसन फोर्ड कुणाच्या तरी बॅगेतला फोन मिळवून व्हाइट हाउसला लावतो आणि तिथली ऑपरेटर बाई त्याच्यावर विश्वासच ठेवत नाही. जगातला सगळ्यात ताकदवान माणूस आणि त्याला लाइन जोडून मिळत नाही! गॅरी ओल्डमन खलनायक म्हणून भडक आहे, पण त्या भडकपणात त्याला स्वतःचं म्हणणं आहे. हसनला नेमकं तेच मिळालं नव्हतं. संगीत पुन्हा गोल्डस्मिथचंच, आणि यावेळी तुताऱ्यांसकट. तारा तोडताना लाल, पांढरी आणि निळी वाचवण्यापर्यंत देशभक्ती ताणली जाते आणि शेवटी विमान समुद्रात पडतं तेव्हा संगणकावर काढलेलं ते दृश्य तेव्हाही कच्चं वाटलं होतं.

आपल्याकडे विमान अपहरणाचं खरं चित्र फार वेगळं होतं. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ अमृतसरला उतरलं, थांबलं आणि काही होण्याआधीच पुन्हा उडालं. शेवट कंदाहारला झाला, तीन कैदी सोडून. पडद्यावर अपहरण म्हणजे सतत काहीतरी करणं. टीव्हीसमोर बसलेल्यांसाठी ते वाट पाहणं होतं, आठवडाभर. त्याआधी ५ सप्टेंबर १९८६ रोजी मुंबईहून निघालेलं पॅन अॅमचं फ्लाइट ७३ कराचीत ताब्यात घेतलं गेलं. तेव्हा नीरजा भनोत आणि तिच्या सहकाऱ्यांनी प्रवाशांचे पासपोर्ट गोळा करताना अमेरिकी पासपोर्ट गुपचूप लपवले. हे आठवून ‘एक्झिक्युटिव्ह डिसिजन’मधली जीन पाहावी. तिच्याकडे काम आलंय ते प्रवाशांमध्ये कुणाच्या हातात बॉम्बचं बटण आहे ते ओळखण्याचं, चेहऱ्यावर काही न दाखवता आणि हातातला ट्रे न सांडता. बेरीला संवाद मोजकेच आहेत, पण चित्रपटातली सर्वांत खरी भीती तिच्या डोळ्यांत आहे.

२००१ नंतर या चित्रपटांतली काही वाक्यं ऐकवत नाहीत. प्रवाशांनी भरलेलं विमान पाडायचं की नाही ही पेंटागॉनमधली चर्चा १९९६ साली पटकथेची गरज होती. आता ती ऐकताना पॉप्कॉर्नचा घास घशात अडकतो. विमानातल्या माणसांनी शेपटाकडचे दिवे मोर्सच्या ठेक्यावर उघडझाप करून लढाऊ वैमानिकांना आपण जिवंत असल्याचं कळवणं हा प्रसंग मात्र आजही ताठ बसवतो. तंत्र जुनाट, निरोप छोटा, आणि वाचणाऱ्याचं बोट ट्रिगरवर.

राहिला ‘कॉन एअर’ (१९९७). त्याचं रसग्रहण करायला बसणं म्हणजे त्याच्यावर अन्याय. लांब केसांचा, मुलीसाठी आणलेला कापडी ससा जिवापाड जपणारा निकोलस केज. कैद्यांचं विमान पळवणारा जॉन मॅल्कोविच, जो प्रत्येक वाक्य चाटूनपुसून बोलतो. आणि ते विमान थेट लास व्हेगासच्या मुख्य रस्त्यावर उतरतं, पाडायला काढलेल्या खऱ्याखुऱ्या सँड्स हॉटेलात घुसून. सायमन वेस्टला भूगोल, तर्क, गुरुत्वाकर्षण यांपैकी कशाचीच पर्वा नाही आणि हे तो पहिल्या दहा मिनिटांतच सांगून टाकतो. बेअर्ड आपली अशक्य गोष्ट पटवून देण्यासाठी झटतो, वेस्ट तसदीच घेत नाही. मला पहिला मार्ग जास्त प्रिय आहे, पण दुसऱ्यानं हसवलंय भरपूर. या चित्रपटातलं ‘हाउ डू आय लिव्ह’ हे गाणं त्या वर्षी सर्वोत्कृष्ट गीताच्या ऑस्करसाठी नामांकित झालं, आणि सर्वांत वाईट गीताच्या रॅझीसाठीसुद्धा. दोन्ही परीक्षक मंडळांशी मी सहमत आहे.