प्रतिजैविकांचे दुष्परिणाम आणि मराठी क्रियापदे

तोंडावाटे घ्यावयाच्या प्रतिजैविकांबरोबर येणारे छापील पत्रक आपल्याकडे बहुधा इंग्रजी असते. मराठी येते ती त्यानंतर : रुग्णालयाच्या भिंतीवरील सूचनेत, आरोग्यपुस्तिकेत, वृत्तपत्राच्या पुरवणीत. या गद्याकडे भाषेच्या अभ्यासकाने क्वचितच वळून पाहिले आहे. वस्तुतः मराठीतील फार थोडे गद्य इतक्या निकडीच्या क्षणी वाचले जाते. गोळी घेतल्यानंतर शरीरात काही विपरीत घडते, तेव्हा वाचकाला एकच गोष्ट ठरवावयाची असते : पुढची गोळी घ्यावी, थांबावे, की तत्काळ रुग्णालय गाठावे? हा निर्णय करण्यास मराठी वाक्य कितपत साहाय्य करते, हाच या गद्याच्या परीक्षणाचा निकष मानावयास हवा.

या निकषावर पहिला दोष ‘दुष्परिणाम’ या शब्दातच आढळतो. हा शब्द मराठीत नैतिक उपदेशाच्या वाटेने रुळला. व्यसनाचे दुष्परिणाम, आळसाचे दुष्परिणाम अशा शालेय निबंधांतून तो परिचित झाला असून दोषाची एक छटा त्याला कायमची चिकटली आहे. मूळ कल्पनेतील ‘मुख्य कार्याबरोबरच घडणारे’ हा अर्थ त्यात उरत नाही. त्याहून मोठी अडचण अशी, की अमॉक्सिसिलिनने एकदोन वेळा पातळ शौचास होणे आणि त्याच औषधाने घसा सुजून श्वास कोंडणे, या दोहोंना हे एकच नाम पुरविले जाते. ‘दुष्परिणाम जाणवल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. पण ते काहीही सांगत नाही.

विशेष हे, की सामान्य मराठी बोलणाऱ्याजवळ हे भेद आधीपासून आहेत, आणि ते नामांत नसून क्रियापदांत आहेत. ‘पित्त’ या शब्दाचेच उदाहरण घ्यावे. ‘पित्त झाले’ म्हणजे मळमळ, आंबट पाणी, छातीत जळजळ. ‘पित्त उठले’ म्हणजे अंगावर खाजणाऱ्या गांधी आल्या. नाम एकच, क्रियापद बदलताच व्याधी बदलते. डॉक्सिसायक्लिन किंवा मेट्रोनिडॅझोल घेतल्यावर पहिले घडणे अनपेक्षित नाही. ते त्रासदायक असले तरी सहसा भयावह नसते. परंतु पेनिसिलिनच्या कुळातील गोळी घेतल्यावर तासाभरात दुसरे घडले आणि त्याबरोबर ओठ सुजले किंवा धाप लागली, तर घरी बसून वाट पाहण्याची ती वेळ नव्हे. ‘उठणे’ या क्रियापदाची अचूकता लक्षणीय आहे. गांध त्वचेच्या पातळीवरून वर येते आणि बहुधा दिवसभराच्या आत ‘बसते’ही. औषध सुरू झाल्यावर काही दिवसांनी येणारे सपाट, लालसर पुरळ असे लगेच बसत नाही. ते पुष्कळदा सौम्य असते, तरी वैद्याला दाखवावेच लागते. पुस्तिकांचे लेखक मात्र या सर्वांसाठी ‘त्वचेवरील प्रतिक्रिया’ असे लिहून मोकळे होतात, आणि वाचकाजवळ असलेले ज्ञान त्याच्याकडून काढून घेतात.

हीच गोष्ट ‘सोसणे’, ‘मानवणे’ आणि ‘वावडे’ यांची. ‘औषध सोसले नाही’ यात जोराचा आणि शक्तीचा हिशेब आहे : औषध भारी पडले, अंगात बळ कमी होते. ‘मानवले नाही’ यात जोर नसून जुळण्याचा प्रश्न आहे. आणि ‘वावडे’ ही त्या व्यक्तीची त्या पदार्थाशी असलेली कायमची फारकत. अ‍ॅलर्जीला इतका जवळचा मराठी शब्द हाताशी असता नवे संस्कृत प्रतिशब्द घडविण्याचा हव्यास का व्हावा, हे कळत नाही. या तीन शब्दांतील भेद केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय नव्हे. अमेरिकेत सुमारे १० टक्के रुग्णांच्या नोंदीत पेनिसिलिनचे वावडे लिहिलेले आढळते. पद्धतशीर चाचणी केल्यावर त्यांपैकी दहांतील नऊहून अधिक जणांना ते औषध चालते असे दिसून येते. काहींचे जुने वावडे काळाने ओसरलेले असते, आणि काहींना मुळात वावडे नव्हतेच; लहानपणी मळमळले होते, किंवा ज्वराबरोबरचे पुरळ औषधाच्या नावे लिहिले गेले होते. म्हणजे ‘सोसले नाही’ हे ‘वावडे आहे’ म्हणून नोंदले गेले. अशा रुग्णाला पुढे जन्मभर अधिक व्यापक आणि कित्येकदा अधिक उपद्रवी प्रतिजैविके घ्यावी लागतात.

लोकभाषा सर्वत्र इतकी सूक्ष्म आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. ‘उष्ण पडणे’ हा प्रयोग पाहावा. तोंड येणे, उन्हाळी लागणे, जुलाब, अंगाची खाज हे सारे या एका प्रयोगाखाली येते. यातील तोंड येणे हा प्रतिजैविकाने निरुपद्रवी जंतू मारल्यामुळे वाढलेल्या बुरशीचा पांढरा थर असू शकतो. त्याचा उष्णतेशी संबंध नाही. शिवाय हा प्रयोग आपल्यासोबत उपचारही घेऊन येतो : गोळी उष्ण, तेव्हा ती दुधाबरोबर घ्यावी. अमॉक्सिसिलिनच्या बाबतीत याने बिघडत नाही. सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा टेट्रासायक्लिन असेल, तर दुधातील कॅल्शियम औषधाला बांधून ठेवते आणि ते पुरेसे रक्तात उतरत नाही. पडलेली ‘उष्णता’ शमली असे वाटते, आणि रोग तसाच राहतो. येथे रूपकाने औषधाचा घात केला आहे.

‘जुलाब’ हा शब्दही असाच दुहेरी. फारसीतील गुलाबपाणी अरबीतून फिरून आले, आणि मराठीत ते रेचकाचे व रेचनाचे असे दोहोंचे नाव झाले. ‘जुलाब घेतला’ आणि ‘जुलाब झाले’ यांतील पहिल्या प्रयोगाची शुद्धीची कल्पना दुसऱ्यावरही पसरते. पोट साफ झाले, असे समाधान मानले जाते. प्रतिजैविकानंतरचे बहुतेक जुलाब आपोआप थांबतात, हे खरे. पण क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूमुळे होणारा आतड्याचा दाह गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही उद्भवतो. ताप, पोटदुखी आणि दिवसातून अनेकदा पाण्यासारखे शौचास होणे, ही त्याची चिन्हे. त्या वेळी रुग्ण ते प्रतिजैविक विसरून गेलेला असतो, आणि जुलाब थांबविणारी गोळी परभारे घेणे अपायकारक ठरू शकते.

या विस्मरणाला आणखी एक उसना शब्द कारण होत असावा. ‘रिअ‍ॅक्शन आली’ हा प्रयोग मराठीत इंजेक्शनाच्या सोबतीने स्थिरावला असावा, असे त्याच्या वापरावरून वाटते. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पेनिसिलिन म्हणजे सुई, हे समीकरण त्या काळचे. ‘रिअ‍ॅक्शन’ सुईनंतर पाहता पाहता ‘येते’. तोंडावाटेच्या गोळीचा उपद्रव पुष्कळदा असा येत नाही, तो मागाहून उगवतो. सिप्रोफ्लॉक्सॅसिनने टाचेमागील कंडरेला होणारी इजा काही दिवसांनी, प्रसंगी काही महिन्यांनीही प्रकट होते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली तिच्याविषयी चौकटीतील ठळक इशारा छापावयास लावला. टाच दुखणाऱ्या मराठी माणसाच्या तोंडी ‘रिअ‍ॅक्शन’ हा शब्द येणे कठीण. तो म्हणेल, पाय मुरगळला असेल.

तेव्हा पुस्तिकेत ‘दुष्परिणाम’ या मथळ्याखाली नामांची रांग लावण्याऐवजी पूर्ण वाक्ये लिहावीत : अंगावर पित्त उठले आणि धाप लागली, तर पुढची गोळी घेऊ नका, लगेच रुग्णालयात जा, नुसते मळमळले, तर गोळी जेवणानंतर घेता येईल का ते विचारा, गोळ्या संपून महिना झाला असला तरी जुलाब सुरू झाल्यास त्या गोळ्यांचे नाव डॉक्टरांना सांगा.