बेडूक ‘डराव’च म्हणतो का?

‘जोड्या लावा : कोंबडा – कुकूचकू, बेडूक – डराव.’ भाषेच्या तासाला हा प्रश्न ठीक. विज्ञानाच्या तासाला तो घोटाळा करतो. कोंबड्याचे आरवणे फ्रेंचांना ‘कोकोरिको’, जर्मनांना ‘किकेरिकी’, जपान्यांना ‘कोकेकोक्को’ असे ऐकू येते. इंग्रजांचे ‘कॉक-अ-डूडल-डू’ तर भलतेच! तरी ‘क’ सगळीकडे आहेच. म्हणजे नक्कल आहे, पण आपापल्या भाषेच्या गाळणीतून आलेली.

बेडकाचे तर आणखी अवघड. जातीगणिक नराची साद निराळी, आणि मादी तीवरूनच आपल्या जातीचा नर ओळखते. मग हिंदी बोलणाऱ्या घरातल्या मुलाने ‘टर्र-टर्र’ लिहिले, तर त्याचा गुण का कापायचा? त्यापेक्षा पावसाळ्यात वर्ग डबक्याकाठी न्यावा आणि ज्याला जे ऐकू येईल ते लिहू द्यावे.