त्रैराशिक मांडण्याआधीचा प्रश्न

आज आपण शालेय गणितातल्या 'गुणोत्तर-प्रमाण' या घटकाची चिकित्सा करणार आहोत. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शाळा त्रैराशिक सोडवायला शिकवते, आणि बऱ्यापैकी शिकवते. पण समोरचं उदाहरण मुळात त्रैराशिकाचं आहे का, हे ठरवायला ती शिकवत नाही.

रीत फार जुनी आहे. आर्यभटाने 499 साली ती 'आर्यभटीया'त दिली : फलाला इच्छेने गुणा आणि प्रमाणाने भागा. 5 पेनांना 40 रुपये पडतात, तर 8 पेनांना किती? 5 हे प्रमाण, 40 हे फल, 8 ही इच्छा, उत्तर 64. आज मुलं 'क्ष' मांडून तिरकस गुणाकार करतात, तेही हेच. रीतीबद्दल आमची काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती मांडणीबद्दल. धड्याचं नावच 'समप्रमाण' असतं, आणि त्याखालची जवळजवळ सगळी उदाहरणं समप्रमाणाचीच असतात. म्हणजे उत्तराचा अर्धा भाग मथळ्याने आधीच सांगून टाकलेला! मुलाने उरलेले तीन आकडे जागेवर बसवायचे, एवढंच.

आता ही तीन उदाहरणं बघा. पहिलं आपलं पेनांचं. दुसरं : दोरीवर एक साडी वाळायला 2 तास लागतात, तर शेजारी शेजारी टाकलेल्या 5 साड्यांना किती? तिसरं : ताई 6 वर्षांची असताना दादा 12 वर्षांचा होता, ताई 12 वर्षांची होईल तेव्हा दादा किती वर्षांचा? तिन्हींत तीन आकडे दिलेत, चौथा विचारलाय. तिरकस गुणाकार केला, तर साड्यांना 10 तास लागतील आणि दादा 24 वर्षांचा होईल. प्रत्यक्षात साड्या 2 तासांतच वाळतात, आणि दादा होतो 18 वर्षांचा, कारण तिथे फरक कायम राहतो, गुणोत्तर नाही.

उलट बाजूची चूकही तितकीच नेहमीची आहे. रॉबर्ट कार्प्लस यांनी मुलांना एक कोडं घातलं होतं. एका बुटक्या माणसाची उंची बटणांनी मोजली तर 4 बटणं, एका उंच माणसाची 6 बटणं. तोच बुटका कागदाच्या क्लिपांनी मोजला तर 6 क्लिपा भरतो. मग उंच माणूस किती क्लिपांचा? बरीच मुलं 8 म्हणतात : बटणं 2 नी वाढली, मग क्लिपाही 2 नी वाढवल्या. खरं उत्तर 9, कारण प्रत्येक बटणामागे दीड क्लिप लागते. या मुलांना गुणाकार येत नाही असं नाही. इथे काय कायम राहतं, हे त्यांना कुणी विचारायला लावलेलं नाही.

व्यस्त प्रमाणात तर घोटाळा आणखी वाढतो. 'एक वाढलं की दुसरं कमी होतं, म्हणजे व्यस्त' अशी खूण वर्गात सर्रास सांगितली जाते. ही खूण अपुरी आहे. दोन्हींचा गुणाकार कायम राहिला पाहिजे. खुद्द भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तलं (1150) उदाहरण या कसोटीवर घासून बघू. दोन वर्षं जुंपलेला बैल 4 निष्कांना मिळतो, तर सहा वर्षं जुंपलेला कितीला? व्यस्त त्रैराशिकाने उत्तर येतं एक पूर्णांक एक तृतीयांश निष्क. बैल जुना झाला की किंमत उतरते, हे खरंच. पण याच हिशेबाने एकच वर्ष जुंपलेला बैल 8 निष्कांचा, सहा महिने जुंपलेला 16 चा. आणि ज्याच्या मानेवर अजून जू पडलेलंच नाही, त्याला तर राजाचा खजिनाही पुरायचा नाही. रीत शिकवायला उदाहरण सोपं आहे, बाजार समजायला नाही. त्याच प्रकरणात मोठ्या मापाने रास मोजली तर मापं कमी भरतात, हाही दाखला आहे. तो मात्र चोख आहे, कारण रास तीच राहते. माप गुणिले मापांची संख्या, हा गुणाकार हलत नाही.

पाठ्यपुस्तकं सरधोपट वाईट आहेत, असं आम्ही म्हणत नाही. एकमान पद्धत हा त्यांतला उत्तम भाग आहे. 'एकाला किती?' असं विचारलं की मुलाला त्या आकड्याचा अर्थ लावावाच लागतो. पण नववीपर्यंत येता येता योग-क्रिया, वियोग-क्रिया अशी नावं पाठ करण्यात तो अर्थ मागे पडतो.

मग करायचं काय? पुस्तक बदलण्याची वाट बघायला नको. प्रत्येक उदाहरणसंग्रहात दोन-तीन 'बिगर-त्रैराशिक' उदाहरणं मिसळावीत, तीही आधी न सांगता. आणि आकडेमोडीच्या आधी मुलाने एक ओळ लिहावी : इथे काय कायम आहे? भागाकार, गुणाकार, फरक, की यांतलं काहीच नाही? चार गुणांच्या उदाहरणात दोन गुण त्या ओळीला द्यावेत. गुण मिळत नाहीत तोवर ती ओळ कुणी लिहिणार नाही, हे आपण सगळेच जाणतो.

आता प्रश्न असतील तर विचारा. शिक्षक मंडळींनी आधी विचारावं, अशी विनंती आहे.