ङ म्हणता येतो का?

संगीतातलं आम्हाला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. बी.कॉम.ला संगीत हा विषय नव्हता, आणि बँकेच्या खिडकीमागे बसून गेली बावीस वर्षं आम्ही जो सूर ऐकत आलो तो 'अहो, अजून किती वेळ?' हा एकच. तरीसुद्धा आज आम्ही एका पॉप गायकाच्या अल्बमवर चक्क समीक्षा लिहायला बसलो आहोत, याचं खापर आमच्या भाच्यावर फोडावं.

हा भाचा मालवाहू बोटीवर इंजिनिअर आहे. बोटीवरची निम्मी माणसं फिलिपिनो. त्यांना दोन्ही वेळा भात लागतो, त्यामुळे कोकणातल्या या पोराचं त्यांच्याशी पहिल्या दिवशीच जमलं. जेवणं आटोपली की ती मंडळी माइक हातात घेऊन गाऊ लागतात. परवा भाच्याने मोबाइलवर एक गाणं पाठवलं आणि म्हणाला, "मामा, हे ऐका. अमेरिकन पोरगा यांच्या भाषेत गातोय. पहिल्यांदा सगळे हसले, मग बरोबर गायला लागले, आणि शेवटी गप्पच झाले."

माइक समोर असताना फिलिपिनो माणूस गप्प बसतो म्हणजे गाण्यात काहीतरी असणार. आम्ही ऐकलं. मग अख्खा अल्बम ऐकला.

गायकाचं नाव डेव्हिड आर्चुलेटा. २००८ साली 'अमेरिकन आयडॉल' या स्पर्धेत सतराव्या वर्षी दुसरा आला. अमेरिकेत दुसऱ्या नंबरची आठवण किती दिवस ठेवतात कोण जाणे, पण फिलिपिन्सने या मुलाला जीव लावला. त्याची परतफेड म्हणून २०१२ साली त्याने खास तिथल्या चाहत्यांसाठी 'फॉरेव्हरमोर' नावाचा अल्बम केला. सगळी निवड जवळजवळ तिथल्याच गायकांनी गाजवलेल्या गाण्यांची.

परक्या चाहत्यांसाठी परक्या भाषेत गाण्याचा हा धंदा जुना आहे. नॅट किंग कोल १९५८ साली हवानात जाऊन स्पॅनिश गाणी गायला. भाषा येत नव्हती, कानाने उच्चार घोटले. बीटल्सनी १९६४च्या जानेवारीत पॅरिसला बसून आपली दोन गाणी जर्मनमध्ये गायली, तीही नाखुशीनेच. स्वीडनच्या 'आबा' मंडळींनी १९८०मध्ये दक्षिण अमेरिकेवर डोळा ठेवून स्पॅनिशमध्ये आख्खा अल्बमच काढला. कॉमर्सवाल्याला यात नवल वाटत नाही. नवं गिऱ्हाईक, नवी शाखा, त्या भाषेत पाटी.

आता आमच्या गायकाचा हिशेब तपासू. पहिला आक्षेप उघड आहे. फिलिपिनो चाहत्यांसाठी केलेल्या या अल्बममध्ये बहुतेक गाणी इंग्रजीत! लग्नाला बोलावून पानात भात तेवढा वाढायचा, आणि वरण म्हणून चमचाभर टागालोग. पण हा आक्षेप पुरता खरा नाही. स्पेनची तीनशेवर वर्षं झाल्यावर १८९८पासून त्या बेटांवर अमेरिकेचा अंमल आला. १९४६ला स्वातंत्र्य मिळालं तरी इंग्रजी तिथेच राहिली. तिथले लोक इंग्रजीत प्रेमाची गाणी रचतात आणि ती त्यांची स्वतःचीच असतात. तेव्हा निवडीत लबाडी नाही.

खरा आक्षेप वेगळा आहे. या इंग्रजी गाण्यांत मुलगा फार आरामात आहे. भाषा घरची, त्यामुळे गळा मोकळा सुटतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक वेलबुट्टी, वेलबुट्टीला आणखी एक झालर. गोड आहे, पण चौथ्या गाण्यापर्यंत जिलबीच्या ताटासमोर बसल्यासारखं होतं.

आणि मग 'नान्दितो आको' येतं. म्हणजे 'मी इथे आहे'. ओगी अल्कासिदने १९८०च्या दशकाअखेर गाजवलेलं गाणं. तिचं मन दुसऱ्याकडे आहे, पण त्याने सोडलंच तर काळजी नको, मी इथे आहे, असं सांगणारा प्रियकर. आमच्या पिढीतल्या निम्म्या पुरुषांचं चरित्र, फक्त आम्ही ते गायलं नाही.

इथे मुलाची खरी परीक्षा आहे. टागालोगमध्ये शब्द चक्क 'ङ'ने सुरू होतात! आपण शाळेत 'क ख ग घ ङ' घोकलं, आणि त्या बिचाऱ्या ङला पुढे आयुष्यभर काम दिलं नाही. त्यांच्याकडे मात्र तो रोज कामावर असतो. 'ङुनित' म्हणजे 'पण', आणि एकतर्फी प्रेमाच्या गाण्यात 'पण' टाळून कसं चालेल? शिवाय 'मी तुला' एवढं सगळं एका 'किता' या शब्दात मावतं. अशा भाषेत पाय जपून टाकावा लागतो. मुलगा तो टाकतो. ओल्या फरशीवरून पाहुणा चालतो तसा, एकेक अक्षर बघून. वेलबुट्टीला फुरसतच नाही. आणि म्हणूनच सगळ्या अल्बममध्ये हे एक गाणं सरळ येऊन आत बसतं. घरच्या भाषेत तो गायक आहे. या परक्या भाषेत तो माणूस वाटतो.

गंमत अशी की अल्बम बाहेर आला त्याच महिन्यात, मार्च २०१२मध्ये, 'मी इथे आहे' म्हणणारा हा मुलगा त्याच्या मॉर्मन पंथाच्या प्रथेप्रमाणे दोन वर्षं धर्मप्रचारासाठी चिलीला निघून गेला. पण आमच्या भाच्याच्या बोटीवर ऐकणारे तरी कुठे घरी होते? तेही दर महिन्याला पैसे पाठवून घरच्यांना हेच सांगत असतात, मी इथे आहे.

यावरून आमच्या शाखेतली एक गोष्ट आठवली. बिहारकडचा एक तरुण अधिकारी बदलून आला होता. जिद्दीने मराठी बोलायचा. आम्ही सगळे मराठी कारकून त्याला इमानदारीने हिंदीत उत्तरं देत होतो. त्याला मदत करतोय अशीच आमची समजूत. एकदा चार वाजता पेन्शनवाल्या आजी आल्या तेव्हा तो अत्यंत नम्रपणे म्हणाला, "आजी, आता तुमची वेळ संपली." शाखेत सन्नाटा. आजी हसून हसून बाकावर बसल्या. म्हणाल्या, "अरे, यमाने नाही सांगितलं, तू सांगतोस होय?" पुढच्या महिन्यापासून आजी त्याच्याच खिडकीवर उभ्या राहू लागल्या, आणि येताना डब्यातून बेसनाचे लाडू. बावीस वर्षं शुद्ध मराठीत सेवा करून आम्हाला एक चुरमुरा मिळालेला नाही.

कॉमर्समध्ये याला गुडविल म्हणतात. हात लावून दाखवता येत नाही, पण मालमत्तेच्या बाजूला लिहितात. अल्बमवाल्या कंपनीने नफ्यातोट्याचा विचार केलाच असेल, त्यांनी करायलाच हवा. पण कुणी आपल्या दारात येऊन, चुकायची तयारी ठेवून, आपला ङ म्हणायला बघतो, ती जमा कंपनीच्या खात्यात पडत नाही, त्या माणसाच्या पडते.

टागालोगमध्येही मराठीसारखेच 'आम्ही' आणि 'आपण' वेगवेगळे आहेत म्हणे. ऐकणारा बाहेर असला तर 'कामी', आत घेतला तर 'तायो'. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. तेव्हा इंग्रजी गाणाऱ्याला हा उंबरठा दिसणं मुळातच कठीण.

त्या अधिकाऱ्याची पुढे बदली झाली. पहिल्या तारखेला आजी आल्या, खिडकीत आमचं तोंड बघितलं, आणि डबा पिशवीत परत ठेवत विचारलं, "तो आपला मुलगा कुठे गेला?"